उभाईचा कौल

देवकड्यावर धुके आकाशातून उतरत नाही. ते दरीतून वर चढते. आधी कड्याचा कठडा नाहीसा होतो, मग घोड्यांचा तळ, मग कणसे भाजणाऱ्या बायकांच्या शेगड्यांचे लाल ठिपके तेवढे उरतात, आणि सर्वांत शेवटी, पठाराच्या टोकाला, पडक्या देवळाचे खांब एकामागून एक पुसले जातात. गगनबावड्याच्या अलीकडे घाट सोडून डोंगराला लागणारा रस्ता या गावाशी येऊन संपतो. पुढे नुसती पोकळी. ती पोकळी पाहायला कोल्हापूर-सांगलीहून गाड्या भरून पावणे येतात, कठड्याला पाठ लावून फोटो काढतात, झुणका-भाकर खातात, आणि आता त्यांच्यासाठी लॉजही झाली आहेत.

देऊळ कुणी बांधले, हे गावात कुणाला सांगता येत नाही. छप्पर कधीच गेलेले. कोरीव चिरे जसजसे सुटले तसतसे गावाने ते उचलून नेले. कुणाच्या परड्यात एखाद्या यक्षिणीच्या पाठीवर धुणे आपटले जाते, कुणाच्या गोठ्यात नंदीच्या मानेला म्हैस बांधलेली असते. त्या साऱ्या पडझडीत एकाच दगडाला देवपण लाभले. गाभाऱ्याच्या बाहेर, पुरुषभर उंचीची एक शिळा उभी होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने ती इतकी जाडावली होती की मूळ दगड पाहिलेला माणूस जिवंत असणे शक्य नव्हते. वर डोके म्हणावा असा एक उंचवटा, त्यावर चांदीचे डोळे. दोन बाजूंना खांदे म्हणावेत असे दोन फुगवटे. तिथून खाली, जमिनीपर्यंत, नेसवलेले हिरवे लुगडे. तिला उभाई म्हणत.

उभाईची सेवा बायकांनीच करायची, हा तिथला रिवाज. गुरवाच्या घरातली थोरली बाई देवीला हात लावते, धाकटी शेंदूर मळते. पुरुषाने घंटा वाजवायची आणि बाजूला व्हायचे. थोरली होती गौराबाई. धाकटी, तिची सून, शांभवी.

हुपरीच्या एका खोलीतल्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या जोडत शांभवीचे लहानपण गेले होते. त्या बारीक कामाने निमुळती झालेली तिची बोटे लग्नानंतर सात-आठ वर्षे तेल आणि शेंदूर मळत राहिली आणि कायमची केशरी झाली. नखांच्या कडांतला तो रंग साबणाने जात नसे. लॉजच्या स्वयंपाकघरात ती भाकरी थापायची तेव्हा पावण्यांच्या बायका म्हणत, मेंदी किती छान रंगलीय. ती पिठाचा पुढचा गोळा उचलायची.

लॉज नवऱ्याचे, मृत्युंजयचे. उभाईचे कुंड आणि कडा यांच्यामधल्या जमिनीवर ते बांधलेले. ती जमीन कधीकाळी देवीची होती, असे म्हातारी माणसे पूर्वी कुजबुजत. सासऱ्याने ती कशी कुणास ठाऊक आपल्या नावावर करून घेतली, आणि कुजबुजणारे एकेक करून मरून गेले.

उभाई बोलत नसे. ती कौल देई. दोन खांद्यांवर तगरीची एकेक कळी पाण्याने चिकटवायची, सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा आणि थांबायचे. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बांध कुणाचा, चोर कोण, पोरगी कुठे द्यायची, असले प्रश्न आसपासच्या वाड्यांतून तिच्यापाशी येत आणि निवाडा घेऊन खाली मान घालून परत जात. कळ्या चिकटवायची गौराबाई. आणि शेंदराची वाटी घेऊन तिच्या शेजारी उभे राहता राहता शांभवीला फार लवकर उमगले होते की देवीचा निवाडा सासूच्या अंगठ्यात असतो. जी कळी पाडायची, तिच्याखाली पाण्याचे बोट फिरवण्याआधी तेलाचा अंगठा फिरायचा. इतकेच.

तिने ते कुणाला सांगितले नाही. लॉजवर भांडी घासणाऱ्या धोंडुबाईवर एका पावण्याच्या अंगठीचा आळ आला, चोर हीच का, असा कौल लावला गेला आणि उजवी कळी टपकन पडली, त्या दिवशीही शांभवी वाटी धरून तशीच उभी होती. धोंडुबाई देवीच्या पायाशी लोळून रडली. अंगठी दुसऱ्या दिवशी गादीच्या फटीत सापडली आणि गौराबाईने ती कुंडात टाकून दिली, कारण देवी खोटी ठरून चालणार नव्हते. शांभवीने पाण्यावर उठलेले वर्तुळ मिटेपर्यंत पाहिले आणि मग ती भाकऱ्या करायला निघून गेली.

माघातल्या पौर्णिमेला उभाईची जत्रा. तिच्या आधीच्या आठवड्यात, दुपारच्या जेवणावर, गौराबाईने ताकाचा घोट घेतला आणि सहज म्हणावे तसे म्हटले, "ह्या पुनवंला एक घरचा कौल लावायचा म्हंते मी."

"कसला?" मृत्युंजयने मोबाइलवरून मान वर केली नाही.

"तुझ्या संसाराचा. आनि कसला? हिनं ह्या घरात नांदावं का नगं, ते आईलाच इचारू."

शांभवीच्या हातातला भाताचा उलथना भांड्याच्या काठावर थांबला.

"आई, जत्रंत कशाला असलं," मृत्युंजय पुटपुटला. "घरातलं घरात..."

"जत्रंतच. चार मानसांत झालं म्हंजे उद्या कोन बोट दावत न्हाय. आनि आजऱ्याची मानसं बी येनार हायत तवा. त्यांनीबी बघू दे."

आजऱ्याची माणसे म्हणजे काय, हे शांभवीला वेगळे सांगायची गरज नव्हती. काजूच्या कारखान्याच्या मालकाची भाची, घटस्फोट झालेली, आणि पदरी एक मुलगी. म्हणजे कूस उजवलेली.

"डॉक्टरनं ह्यांचीबी तपासनी सांगितलीया," शांभवी हळू म्हणाली. "दोनदा."

"तपासनी?" गौराबाईने ताकाचे भांडे खाली ठेवले. "गुरवाच्या पोराची तपासनी? रेडा हाय व्हय गं तो बाजारातला? शेपूट उचलून बघायला?"

मृत्युंजय हसला. त्या हसण्याने शांभवीला जे कळायचे ते कळले. या माणसाला आपण जायला हवे आहे असे नाही. पण आपण गेल्याने त्याचे काही बिघडतही नाही.

खरे सांगायचे तर तिलाही नवरा हवा होता असे नव्हते. तिला हवी होती ती स्वयंपाकघराची खिडकी. चुलीपाशी उभे राहिले की खिडकीच्या चौकटीत फक्त दरी दिसे. तिच्यात सकाळी धुके भरायचे, दुपारी घारी फिरायच्या, आणि संध्याकाळी कोकणाकडचे आभाळ हळूहळू विझायचे. दिवसभरात तिच्याशी मऊपणाने वागणारी तेवढी एकच गोष्ट होती. हुपरीला भावाच्या घरी खिडकी नव्हती. तिथे भट्टी होती, भावजय होती, आणि दोन पोरांच्या मधे टाकलेली सतरंजी. परत आलेल्या बहिणीला त्या घरात काय म्हणून हाक मारतात, ते तिने शेजारच्या घरांतून लहानपणीच ऐकले होते.

म्हणून तिने ठरवले की देवीने एकदा आपल्यासाठी खोटे बोलावे.

सासूचा अंगठा डावीकडे फिरणार, हे उघड होते. त्याला तोड एकच: उजव्या खांद्यालाच असा पाझर फुटला पाहिजे की कळी टेकताक्षणी घसरावी. उजव्या फुगवट्याच्या मागे, भिंतीच्या अंगाला, शेंदरात एक जुनी भेग होती. जत्रेच्या आदल्या दुपारी गौराबाई देवीचे लुगडे धुवायला कुंडावर गेली, तेव्हा शांभवीने तिळाचे तेल कढत केले आणि त्या भेगेत ओतले. तेल आत गेले. ती वाट पाहत राहिली. काही ओघळले नाही. मग तिने आणखी तेल कढवले आणि तेही ओतले. शिळा मुकाट्याने पीत राहिली. हुपरीच्या भट्टीवर वाढलेल्या मुलीला उष्णतेने सांधे सुटतात हे ठाऊक असायला हवे होते; पण भीतीने माणसाचे शिकलेले सगळे आधी वितळते.

तिला एक गोष्ट मात्र ठाऊक असणे शक्य नव्हते. या खेपेला गौराबाईचाही स्वतःच्या अंगठ्यावर भरवसा नव्हता. गर्दी मोठी, मोबाइल चहूकडून रोखलेले, आजऱ्याचे पाहुणे अगदी पुढ्यात. अंगठा कुणाच्या डोळ्यांत आला तर? म्हणून तिने चार दिवसांपासून डाव्या खांद्यामागच्या पोकळीत ओल्या फडक्याचा बोळा कोंबून ठेवला होता आणि येता-जाता ती त्यावर पाणी घालत होती, म्हणजे आतून पाझरून डावी कळी आपोआप सुटेल. एकीने उजवीकडून तेल पाजले, दुसरीने डावीकडून पाणी. मधे उभाई होती, आणि तिची बाजू विचारणारे कुणी नव्हते.

पौर्णिमेच्या दुपारी पठार माणसांनी फुलले. डोंगरवाड्यांतली माणसे नारळ घेऊन आली, शहरातली कॅमेरे घेऊन. खांबांच्या चौथऱ्यावर उभा राहून ऋतुराज त्याच्या ग्रुपला माहिती देत होता. कोल्हापूरच्या कॉलेजातून इतिहासात बी. ए. झालेला, गळ्यात गाईडचे ओळखपत्र, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याच्याकडे येणारे ग्रुप मृत्युंजयच्या लॉजवर उतरत. मृत्युंजयच्या लॉजवरचे पावणे त्याच्याकडे येत.

"मंडळी, आता तुम्हाला प्रत्यक्ष कौल बघायला मिळणार! फ्लॅश तेवढा मारू नका, देवी कोपत्या आमची."

"कोपली म्हणजे काय करते?" कुणीतरी विचारले.

"पेट्रोल संपवत्या, मधल्या घाटात."

हशा पिकला. गौराबाईने हात वर केला आणि तो शांत झाला. तिने कळ्या भिजवल्या, डावी चिकटवली, उजवी चिकटवली. शांभवी वाटी घेऊन तिच्या शेजारी उभी होती, आणि आपल्या काळजाचे ठोके तिला वाटीतल्या शेंदरावर थरथरताना दिसत होते.

"आई उभाई," गौराबाईने आवाज लावला, "चार मानसांच्या साक्षीनं इचारत्ये. ही माझी सून शांभवी. हिचं आमच्या घरात ऱ्हानं तुला मान्य असंल तर उजवा दे. हिच्यात काय खोट असंल, तर ती आज सगळ्यांम्होरं दाव!"

क्षण गेला. आणखी एक गेला. मग देवळाच्या भिंतीआड कुठेतरी ओला बांध खचावा तसा आवाज झाला. शांभवीने पाहिले की उजवा खांदा खाली येतो आहे, आणि गौराबाईने पाहिले की डावा. चांदीचे डोळे एकदा खाली वाकले, जणू देवीला स्वतःच्या पायांशी काही शोधायचे होते. आणि मग अख्खे कवच, कित्येक पिढ्यांचे शेंदरी कातडे, एकसंध सुटून पुढे कोसळले. जाता जाता ते लुगडेही ओढून घेऊन गेले. कोणती कळी आधी पडली, ते कुणालाच दिसले नाही.

खाली उघडा काळा दगड होता. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. त्यांच्याखाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. आणि अक्षरांच्या खाली, आतापर्यंत लुगड्याने झाकलेल्या जागी, कुणा पाथरवटाने कोणतीही भीड न ठेवता कोरलेली एक बाई, आणि तिच्यावर चढलेले गाढव.

इतकी माणसे असूनही दरीतला वारा ऐकू आला. गौराबाईचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, दगडावर पदर टाकायला. स्वतःच्या आईला भर बाजारात कुणी नागवे करावे तसा तिचा चेहरा झाला होता. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. हसू दाबले गेले, नाकातून फुटले, पसरले. मोबाइल वर झाले.

आणि त्या हसण्यातून धोंडुबाईचा किनरा आवाज आला.

"कौल झाला गं बाई! खोट दाव म्हनलं, आईनं दावली! बघा, सुनंचं खरं रूप बघा!"

ती शांभवीकडेच पाहत होती. वाटी धरून मुकाट्याने उभ्या राहिलेल्या त्या दिवसाच्या शांभवीकडे.

गौराबाईचे पुढे झालेले हात थांबले. तिने धोंडुबाईकडे पाहिले, आजऱ्याच्या पाहुण्यांकडे पाहिले, मग दगडाकडे. आणि बुडत्या बाईच्या हाती दोर लागावा तसे तिला ते वाक्य लागले. ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात नव्हते.

"कौल झाला," ती म्हणाली.

शांभवीने तोंड उघडले. हे देवीने केले नाही, मी केले, असे एक वाक्य तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले. ते उच्चारले असते तर कौल खोटा ठरला असता. आणि देवीच्या अंगावर कढते तेल ओतणारी बाई म्हणून याच पठारावरून तिला कड्यापर्यंत फरफटत नेले गेले असते. तिने तोंड मिटले.

"अहो, पण काय आहे हे?" टोपी घातलेल्या एका बाईने ऋतुराजला विचारले. "ही बाई कोण?"

ऋतुराजचा गॉगल केव्हाच डोक्यावरून हातात आला होता. त्याने दगडाकडे पाहिले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ओळख होती, आनंदच म्हणावा अशी ओळख. मग त्याची नजर मृत्युंजयवर गेली. मृत्युंजय त्याच्याकडेच पाहत होता.

"पापी बाई हाय, मॅडम," तो म्हणाला. "पूर्वी असं कोरून ठेवायचे. बायकांना वचक बसावा म्हणून."

दिवेलागणीला तो मागच्या दाराशी आला. शांभवी आत पेटीत कपडे भरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तिला हुपरीला धाडायचे ठरले होते. मृत्युंजयने ते तिला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सांगितले होते.

"वैनी," ऋतुराज उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तसल्या शिळा कोकणात लई सापडत्यात. मी पुस्तकात बघितल्यात."

"पापी बायकांच्या?"

त्याने मान खाली घातली. "न्हाय. ती शापवाणी असत्या. राजानं देवाला जमीन दिली की तसला दगड रोवायचे. ही दिलेली जमीन जो कोण बळकावंल, जो कोण खाईल, त्याच्या... त्याच्या आईला गाढव लागंल. अशी शिवी हाय ती. ती बाई म्हंजे जमीन खाणाऱ्याची आई."

शांभवीच्या हातातले लुगडे घडी व्हायचे थांबले.

"कुंडापास्नं कड्यापर्यंतची जमीन," ती म्हणाली.

"मला अक्षरं न्हाई वाचता येत, वैनी. पण तसंच काय तर असणार."

"मग तवा का न्हाईस बोलला?"

"बोललो असतो तर मृत्युंजयदादानं मला..." त्याने वाक्य सोडून दिले. "सीझन चालू हाय, वैनी. घरात म्हातारी हाय, बहिणीचं लग्न हाय."

"उद्या बोलशील? गाडी सुटायच्या आधी? चार मानसांत?"

समोरच्या अंगणातून कुणीतरी ऋतुराज, ऋतुराज अशी हाक मारली. ग्रुपला शेकोटी पेटवून हवी होती. तो "आलो आलो" म्हणाला आणि गेला. जाताना त्याने, का कुणास ठाऊक, तिला वाकून नमस्कार केला.

गौराबाई चुलीपुढे बसली होती. तिच्यासमोर परातीत कवचाचे तुकडे होते. त्यातून ती चांदीचे डोळे कोरून काढत होती. शांभवी आत येऊन उभी राहिली तरी तिने वर पाहिले नाही.

"उजवीकडं काय घातलंवतंस?" तिने विचारले.

"कढत तेल."

"वाटलंच मला. वास आला." तिने एक डोळा निखळवून पदराला पुसला. "मी पानी घालत हुते. डावीकडनं."

एकाच घरात इतकी वर्षे राहून त्या दोघींनी एकमेकींशी केलेले हे पहिले खरे बोलणे होते, आणि त्यात एखादी नाजूक, जवळजवळ मायेची म्हणावी अशी फट पडली होती. शांभवीने त्या फटीत हात घातला.

"मग कौल झालाच न्हाई, आत्याबाई. तुमालाबी ठावं हाय, मलाबी. मला ऱ्हाऊ द्या. कोपऱ्यात ऱ्हाईन. त्या आजऱ्याच्या पोरीचंबी करीन."

गौराबाईने प्रथमच वर पाहिले. "आनि उद्या तुला बघून मानसांनी इचारलं, देवीचा कौल गुरवीनच पाळत न्हाई व्हय, तर काय सांगू? तो कौल आता माझ्या हातात ऱ्हायला न्हाय, पोरी. सुटला तो."

फट मिटली. तेव्हा शांभवीने तिला दगडाचा अर्थ सांगितला. घाई न करता, पैंजणाची कडी कडीत अडकवावी तसा शब्दामागे शब्द अडकवत. जमीन. आज तिच्यावर लॉज बांधून खाणारा. त्याची आई. "दगडावरची बाई मी न्हवं, आत्याबाई. ती तुमी हायसा."

चुलीतले लाकूड सरकले. गौराबाईचा हात परातीत तसाच राहिला. तिच्या मनात त्या कुजबुजणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे फिरले असावेत, कारण तिने एकदाही हे खोटे आहे असे म्हटले नाही.

"मी सांगीन सगळ्यास्नी," शांभवी म्हणाली.

"सांग की." गौराबाईचा आवाज खरखरीत झाला होता, पण ढळला नव्हता. "जा, आत्ता सांग. कोन ऐकंल? दगडावरची बाई बोलाय लागली, म्हन्तील."

मग ती उठली, डब्यातून तांदूळ घेतले, एक नारळ घेतला, खण घेतला, आणि सुनेची ओटी भरली. सवाष्ण बाई घरातून रिकाम्या पदराने जाऊ नये म्हणून. कुंकू लावताना तिचे बोट शांभवीच्या कपाळावर जरा जास्तच जोराने दाबले गेले. त्या रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या, शांभवीला शेजारच्या खोलीत म्हातारीच्या बांगड्यांचा आवाज थांबून थांबून येत राहिला. ती कूस बदलत होती.

सकाळी धुके नव्हते. गाडी उशिरा सुटणार होती, कारण खालून येणाऱ्या गाड्यांनी घाट अडला होता. रातोरात ती शिळा सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली होती. मक्याच्या शेगड्या पहाटेपासून पेटलेल्या, घोडे तयार, आणि मृत्युंजयच्या लॉजपुढे गाड्या लावायला जागा नाही. थांब्यावर पेटीवर बसलेल्या शांभवीला कणसे भाजणारी झुंबरबाई, तिला न ओळखता की ओळखून, म्हणाली, "लई गर्दी! सरपंच बाळासो म्हनाले, शेंदूर लावायचा न्हाई आता. हाय तसं ऱ्हाऊ दे. पावन्यास्नी तेच बघायचंय. गौराक्का रडली, पाया पडली त्यांच्या, मग म्हनाले, बरं, लुगडं नेसव पायजे तर. पर मागंल त्याला वर करून दावायचं. मृत्युंजयनंच बसवलीया म्हातारीला तिथं. कुनी दगडाला टोचू-बिचू ने म्हनून."

शांभवीने पेटी झुंबरबाईच्या शेगडीपाशी ठेवली. गाडीला अवकाश होता.

पडक्या देवळापुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली, पावण्यांच्या मागे, पदर डोक्यावरून पुढे ओढून. रांग हळूहळू सरकत होती. पुढून आवाज येत होते, हसण्याचे, लाजण्याचे, "आज्जी, जरा अजून वर," असे. प्रत्येक आवाजानंतर थोडी शांतता, मग पुन्हा हसू. शिळेला नवे, कोरे, हिरवे लुगडे नेसवलेले होते आणि तिच्या पायाशी गौराबाई बसली होती. तिने डोळे मिटलेले होते. रांगेतला माणूस पुढे आला की ती न पाहता हात लांब करी, लुगड्याचा काठ उचली, थोडा वेळ धरी आणि सोडून देई. रात्रभर न झोपलेल्या तिच्या चेहऱ्यावर काहीच उरलेले नव्हते. जे लोक बघत होते ते दगड बघत होते. ती काय दाखवते आहे, हे त्यांपैकी कुणालाच माहीत नव्हते.

शांभवीची पाळी आली. गौराबाईचा हात सवयीने लुगड्याकडे गेला.

"आज्जी," शांभवी म्हणाली.

हात थांबला. म्हातारीने डोळे उघडले. पदराखालचा चेहरा तिला दिसला, कपाळावर तिनेच लावलेले कुंकू दिसले. तिचे ओठ हलले. त्यांतून आले ते नाव होते की विनवणी, ते कळले नाही. चौथऱ्यावर मृत्युंजय उभा होता, रांगेवर लक्ष ठेवून.

"वर करा की लुगडं, आज्जी," शांभवी सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पावण्यांच्या गोड आवाजात म्हणाली. "लांबनं आलोय. बघायचंय."

गौराबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने लुगड्याचा काठ धरला आणि वर उचलला.

शांभवी वाकली. तिने सूर्य-चंद्र पाहिले नाहीत, अक्षरे पाहिली नाहीत. खालची बाई पाहिली, आणि मग मान वळवून गौराबाईला पाहिले, आणि मग पुन्हा बाईला.

"अवो ताई, सरा की फुडं," मागून कुणी ओरडले.

ती हलली नाही. वर धरलेला म्हातारा हात आधी कोपरात थरथरला, मग खांद्यात. तशी शांभवी आणखी थोडी वाकली, आणि सावकाश, अगदी सावकाश, बघत राहिली.